टिचकी

लाकडाला आधी बोटानं विचारतो मी.
मधलं पेर वाकवून, हलकं,
रात्री उशिरा आलेला पाहुणा दार वाजवतो तसं.
आतून कुणी ‘कोण?’ म्हणालं
तर पुढची बोलणी.

नांदेडच्या नामदारसिंगांना दिलरुबा हवाय,
मुलीसाठी, बैसाखीच्या आत.
“तून चलेगी, सिसम हुई तो अच्छाच,
पन लकडी बुड्ढी होना, पांचाळसाब.”

म्हणून फाल्गुनभर हिंडायलोय.
भोकरच्या डेपोत लिलावाचे ओंडके,
पिवळ्या रंगात नंबर, सालीखाली अजून ओल.
विचारलं तर तोंडात गूळ धरल्यासारखे बोलतात.
पूर्णेला मीटरगेजचे स्लीपर,
डांबर प्यालेले, खिळ्यांची भोकं अंगभर.
त्यांना गाडीच्या वेळा तेवढ्या पाठ.
एक भंगारवाला चहाच्या पाण्यानं नवा साग रंगवतो
आणि निजामाच्या काळातला म्हणून विकतो.
उरलेला चहा त्यानं मलाच पाजला.

मागं किल्लारीकडून एकजण टेम्पो भरून आला होता.
माळवदाच्या तुळया,
किती वर्षं पत्र्याखाली झाकलेल्या.
मी एकदाच टिचकी मारली.
इतकं स्वच्छ वाजलं
की हात खिशात घातला.
“भाव कमी करू की,” तो म्हणाला.
मी त्याला जेवू घातलं
आणि टेम्पो भरलेलाच परत गेला.

मग मानवतला कुणी घाणा मोडायला काढलाय, असं कळलं.

उखळाचा बुंधा जमिनीत अर्धा पुरलेला.
भोवती बैलाच्या वाटेचा गोल,
अजून गवत धरत नाही तिथं.
लाट शिसवाची, पुरुषभर उंच,
भिंतीला टेकवून ठेवलेली.
खाली वाजवलं. काहीच नाही.
गादीवर बुक्की मारावी तसं.
साठ वर्षांचं तेल रेषारेषांत बसलेलं.
थोडं वर वाजवलं. मुकंच.
छातीच्या उंचीला आलो
आणि शिसव बोललं.

“काय ऐकायलाव?” नागोराव म्हणाले.
बाजेवर बसून मोबाईलवर कापसाचा भाव बघत होते.
“वरचा अर्धा द्या.”
“अर्धा कामून? सगळा न्या. जळणाच्या भावानं,
किलोवर.”
मग जरा थांबून,
“तेलासकट वजन धरायचं बरं का.”

तसं धरलं.
परभणीला आणून करवत लावली
तर पहिल्या वितीतच वास पालटला.
भुसा चिकट होता, तो हळूहळू कोरडा उडायला लागला.
कुठं थांबलं तेल, ते करवतीलाच कळलं.
तिथं पेन्सिलनं खूण केली,
वरचं कोरायला घेतलं.
पोट, गळा, पडद्यांची दांडी,
तरफांच्या खुंट्या,
एका खुंटीला गाठ आडवी आली, ती तशीच ठेवली.

बैसाखी हुकली. आठ दिवसांनी
जसमीतनं गज लावला माझ्या दुकानात.
नागोरावांना फोन केला होता,
येतील असं वाटलं नव्हतं.
एसटीनं आले, धुतलेल्या धोतरात,
कानामागं हात धरून ऐकत बसले.
पोरीचा सूर लागला तेव्हा तरफा एकेक करून जाग्या झाल्या,
समोरच्या वेल्डिंगवाल्यानंही मशीन बंद केलं.

नागोरावांनी मान हलवली.
“हे नव्हं.
लाट कुरकुरायची ती लई खाली.
पहाटं गल्ली उठायची तिच्यावर.”
जसमीतनं बोट सरकवलं. अजून खाली. अजून.
“न्हाई, बाई. तू वाजव तुझं.”

निघताना दाराआड त्यांना खालचा अर्धा दिसला.
दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून मी लावला होता.
वाकून त्यांनी त्यावर टिचकी मारली,
माझ्यासारखीच, मधल्या पेरानं.
काही वाजलं नाही.
तळवा फिरवला, नाकाशी नेला.

“करडई,” म्हणाले,
आणि हात न पुसता
स्टँडकडं निघाले.