चॅनेल एकशे चोवीस

पाण्याच्या टाकीवर चढून मी डबा फिरवायचो वडणग्याकडं,
खालून इलाही मुलाणी मोबाईल बघत ओरडायचा,
"आला! गेला! जरा डावीकडं… आला, चिखली आली!"
असा आमचा धंदा. महिना साडेतीनशे,
पैसे ऊस गेल्यावर.

शहरात सगळ्यांचे डबे एकाच पट्ट्यात,
भाजी मंडईत लिलाव चालावा तसे
एकमेकांच्या अंगावर ओरडत.
एकशे चोवीस तेवढा मोकळा,
पहाटे चारच्या शिवाजी पुलासारखा.
का मोकळा, विचारलं नाही.
जागा दिसली की गाडी लावायची,
एवढंच शिकलोय.

डब्याला कंपनीनंच एक सवय लावलेली:
बोलण्याआधी मिनिटभर कान देऊन बसायचा,
लांबून ठोका ऐकू आला
तर तोंड मिटून दुसरीकडं जायचा,
अर्धा तास परत फिरकायचा नाही.
तेवढ्यात चिखलीत मॅच गोल गोल फिरत राहायची
आणि माझ्या फोनवर शिव्या.

एका रात्री मी देश बदलला.
डब्याच्या सेटिंगमध्ये देश असतो.
यादीत खाली कुठलंसं बेट होतं,
तिथं म्हणे कान द्यायची सक्ती नाही.
डबा बेटावर गेला.
टाकी उद्यमनगरातच राहिली.
नाद खुळा स्पीड.

ऑगस्टात एक बाई आल्या, तृप्ती हुक्केरी,
हवामानाच्या रडारवरच्या,
रिक्षातून, हातात माशाच्या काट्यासारखी अँटेना.
भांडल्या नाहीत. चहा घेतला, बिनसाखरेचा.
मग कागद उलगडला:
पूर्वेच्या टेकडीवरच्या पांढऱ्या गोळ्यानं बघितलेला
आमच्या जिल्ह्याचा पाऊस.

"पाऊस सांडल्यासारखा दिसतो," म्हणाल्या,
"त्याला सरळ कडा नसते. आणि ही बघा."
टेकडीपासून कागदाच्या काठापर्यंत एक रेघ,
पट्टीनं ओढलेली,
माझ्या टाकीवरून थेट गगनबावड्यापर्यंत.
"हा पाऊस पडलेलाच नाही.
हा तुम्ही पाडलाय."

ते रडार म्हणे क्षणभर हाक मारतं
आणि उरलेला सगळा वेळ ऐकतं.
थेंबाला लागून परत येणारी ओ
इतकी बारीक,
आणि माझा डबा त्याच्या कानाशी
चिखलीला मॅच सांगत बसलेला.
"या रेघेखाली खरा पाऊस असला
तर मला दिसत नाही," त्या म्हणाल्या.
बोट गगनबावड्यावर ठेवलेलं होतं.
तिथलं पाणी कुठल्या उंबऱ्याला येतं
हे मला कुणी सांगायला नको होतं.

तरी मी म्हटलं, हवा काय कुणाच्या बापाची?
कसेल त्याची.
हसल्या.
"हवेला कूळकायदा नाही, दादा.
रडारचा सातबारा आधीचा.
तुम्ही बिनभाड्याचे, अट एकच,
मालकाची चाहूल लागली की उठायचं."
जाताना चपला घालत म्हणाल्या,
"घरी मलाबी असल्याच डब्यातनं नेट येतंय.
माझीबी मॅच अडकते."

दुपारी टाकीवर चढलो. शिडी शेवाळलेली.
डब्याला बेटावरनं घरी आणला.
तो गप्प झाला, कान टवकारून बसला.
मीही बसलो. काय ऐकू येतं बघावं म्हटलं:
फाउंड्रीचा भोंगा, कुणाचं तरी लेथ,
खाली इलाही, "गेला! मालक, गेला!"
बाकी काही नाही.
पूर्वेकडं ढग होते, टेकडी दिसत नव्हती.

फोन वाजला. चिखलीचा बाबासो.
"नेट कुठं मेलं रं तुझं?"
तुझ्याच डोक्यावरचा पाऊस मोजायला वाट दिलीया, म्हटलं.
पलीकडं जरा शांत.
मग हळू आवाजात,
"राजाराम बंधारा किती म्हणतोय?"
सकाळी अडतीस फूट.
"आणि वर? वर पडतोय का अजून?"

मिनिटभर थांब, म्हटलं.