संदर्भसूची, तिसरी दुरुस्ती

संपादकांचं पत्र आलंय:
आकडे चौकटी कंसात हवेत, गोल नकोत,
पूर्णविरामाच्या आत, बाहेर नाही,
आणि क्रम लेखात जो आधी भेटेल त्याचा.
अकारविल्हे चालणार नाही.

मेढ्यातल्या भाड्याच्या खोलीत
मी रात्री कंस बदलत बसलोय.
पंखा छापलेली पानं उलटतो,
चौथ्यावरून थेट अकराव्यावर, स्वतःच्या मर्जीनं.

परीक्षकांनी सुचवलेला एक पेपर
(त्यांचा स्वतःचाच आहे, नंतर कळलं)
तिसऱ्या जागी घातला
तर मागचे सगळे एकेक घर सरकले.
उशिरा आलेली होडी किनाऱ्यावर मध्येच घुसवावी
आणि बाकीच्यांनी शिव्या देत
आपापले ओंडके हलवावेत, तसे.
[७] आता [८] आहे.
फक्त तक्त्याखाली तो अजून [७]च राहिला,
त्यामुळे कोळंबच्या खाडीतल्या खारटपणाला
केरळातले एक गृहस्थ जबाबदार ठरतात,
ज्यांनी आयुष्यभर खेकडे मोजले.

सतराव्या क्रमांकाचा पेपर मी वाचलेला नाही.
कुणीच वाचला नसावा.
पाच जणांच्या याद्यांत त्याचा खंड चौतीस आहे
आणि ते नियतकालिक एकतिसाव्या खंडालाच बंद पडलं.
एकानं चुकून लिहिलं, बाकीच्यांनी निष्ठेनं.
त्याला मात्र आकडा आहे.
कंस आहे. तिरपं नाव, ठळक खंड.

शेवंती चोपडेकरला नाही.

पहिल्या दिवशी, मी अजून
बुटांतलं पाणी ओतत होतो,
ती कमरेएवढ्या खाडीत
पायाच्या बोटांनी चिखल चाचपत म्हणाली,
"सुरंगी फुलली काय मुळे भरतत.
दर म्हयन्याक कित्याक येतस?"

दर महिन्याला गेलो. चौदा महिने.
शिंपले उकडले, मांस वाळवलं, तोललं
दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत.
आलेखाचा उंचवटा
फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आला.
त्या आठवड्यात मालवणच्या बाजारात
सुरंगीचे वळेसर होते. मी एक घेतलाही होता,
कशाला ते आठवत नाही.

नियम असा:
तोंडी माहितीला क्रमांक देऊ नये.
मजकुरातच, गोल कंसात, नाव आणि तारीख,
सोबत सांगणाऱ्याची लेखी परवानगी.

कागद घेऊन गेलो.
हात ओले होते, तिनं तो धरला नाही.
वाचून दाखव म्हणाली. दाखवला.
"माजा नाव कित्याक? माका आवशीन सांगल्यान.
तिचा घाल. काशी. काशी केळूसकर."
त्या आहेत का?
"मी धा वर्सांची असताना गेली."
आणि त्यांना कुणी सांगितलं?
"तां तिका इचार."

दुय्यम संदर्भावर विसंबू नये,
मूळ पाहावा, असंही एक कलम आहे.

मग गिऱ्हाईक आलं.
ती मुळे मोजू लागली, मुठीत पाच,
वीस मुठी झाल्या की एक मुळो
टोपलीबाहेर, फळीवर.
किती शेकडे झाले ते फळी सांगते.
सात झाले. गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं,
तसे तिनं फळीवरचे सातही उचलले
आणि पाण्यात भिरकावले.
ते?
"ते खाडीचे."

आता दोन वाजलेत.
यादीच्या डोक्यावर जागा करून
मी लिहितो: केळूसकर, काशी.
खालचे तेवीस एकेक घर सरकतात,
यावेळी शिव्या न देता.
पुढचा रकाना उघडतो.
वर्ष विचारतोय.