माया

डॉक्टर हिरेमठांनी पहिल्या खेपेला कागदावर पोट काढलं,
पेनानं उभी रेघ मारली,
एवढं ठेवायचं, एवढं काढायचं,
याला स्लीव्ह म्हणतात.
मी हसले. स्लीव्ह म्हणजे बाही.
शहापुरात तेवीस वर्षं बाह्याच लावत आले,
खांद्याला चुण्या, कोपराला फुगा,
कॉलेजच्या पोरींना आईच्या नकळत बिनबाह्यांचं.

एकशे अठरा किलोंची होते तेव्हा.
भिशी लागली, पाटल्या गेल्या,
आणि वर्षभरात ब्याऐंशी.
खडेबाजारात ओळखीची माणसं ओळख न देता पुढं जायची,
मला त्याचीच केवढी मजा.
त्या दिवाळीत माझे सगळे ब्लाउज मी उसवले,
आत घेतले,
आणि शिवणीतली माया कात्रीनं कापून टाकली.
चौदा ब्लाउजची.
शिवणाऱ्या बाईनं करू नये ते.
म्हटलं, आता लागणारच नाही.

परत कधी सुरू झालं, सांगता येत नाही.
लग्नसराईत रात्र रात्र मशीन,
शेजारी द्रोणात कुंदा, बोटभर,
बोटभरच, पण बोटं दहा.
मग छातीत जळायला लागलं,
चार उशा लावून बसून झोपायचं,
पहाटे तोंडाशी आंबट.
काटा नव्वद, काटा शंभर,
मग काट्यावर मी अस्तरांचा गठ्ठा ठेवला.
सगळ्यांची मापं माझ्या वहीत,
वडगावच्या एकेका घरातल्या तीन पिढ्यांचे दंडघेर,
माझ्या नावाचं पान कोरं.

"एवढे पैसे घालून परत तशीच की गे,"
शेजारची अनुसया म्हणाली, आणि लगेच,
"जेवलीस काय? थांब, थालीपीठ घेऊन येतो."

दुसऱ्यांदा गेले तेव्हा वाटलं, रागावतील.
तेच पेन, नवा कागद.
बाही सैल झालीय, म्हणाले, आता बायपास.
मला आधी रस्ताच आठवला,
गाव टाळून जाणारा.
म्हणाले, दुसऱ्या वेळी जोखीम जास्त,
आतलं सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं.
मी म्हटलं, माहितेय.
उसवलेल्या कापडाला जुनी भोकं असतात,
सुई तिथंच जायला बघते,
इस्त्रीनं झाकतात, जात नाहीत.
ते थोडा वेळ गप्प बसले.
मग म्हणाले, तुमची चूक आहे असं कुणी म्हटलं?
सगळ्यांनी, असं सांगणार होते,
पण बाहेर पुढचा पेशंट उभा होता.

संमतीचा कागद कन्नडमध्ये.
गोकाकच्या नर्सनं तिच्या मराठीत वाचून दाखवला,
मरणाच्या ओळीशी अडखळली.
ती ओळ मला कन्नडमध्येच कळली.
सही मराठीत केली, पूर्ण,
इंदुमती परशराम कणबरकर.

आज तिसरा दिवस.
तीस मिलीचा पेला, प्लास्टिकचा,
भातुकलीतला वाटावा असा,
तेवढं पाणी संपवायला पाव तास.
ती दारातून डोकावते, सवयीनं विचारते,
"ऊट आतेन्री?"
तिलाच हसू येतं. मलाही, टाके ओढतात.
"आत," म्हणते मी.

घरी दोन नवे ब्लाउज टाचून ठेवलेत.
महिन्या-दोन महिन्यांनी आत घ्यावे लागतील,
मग पुन्हा.
घेईन.
शिवणीच्या आत दीड इंच राहू दे मात्र,
दोन्ही बाजूंना,
अंगाला थोडी टोचली तरी.