बेचाळीस नंबर

तळघरातल्या त्या खोलीला खिडकी नाही.
झाग्रेबवर सावा नदीचं धुकं उतरलंय की ऊन पडलंय
हे मला कळतं विद्यार्थ्यांच्या बुटांवरून.
बारा तास उजेड, बारा तास अंधार,
घड्याळ लावलेलं. उंदरांसाठी.

सोमवारी टाचेमागची कंडरा कापायची,
भूल देऊन, एका रेषेत.
मग रोज एक टोचणी:
कुणाला औषध, कुणाला नुसतं मिठाचं पाणी,
कुणाला काय ते लखोट्यात बंद. मलाही माहीत नाही.
औषध म्हणजे पंधरा मण्यांची माळ,
अमिनो आम्लांचे मणी, डोळ्यांना न दिसणारे.
डॉक्टरीणबाई म्हणतात, तुटल्या टोकांना ती
एकमेकांची आठवण करून देत असावी.
'असावी' हा शब्द त्या कधी गाळत नाहीत.
म्हणून मी तिथं अकरा वर्षं टिकले.

माझं काम वहीत लिहायचं.
तिसरा दिवस, पाय ओढतो.
सातवा दिवस, बोटं टेकतो.
बेचाळीस नंबरचा नवव्या दिवशीच
अख्खा तळवा टेकवून चालला
भुश्शावरून, जणू कुणी लग्नाला बोलावलंय.
चौदाव्या दिवशी त्याला मारलं.
बरा झालाय हे बघायला दुसरा मार्ग नाही,
दोर काढून काचेवर ठेवावा लागतो.

झ्वोन्कोचा फोन आला तेव्हा मी हात धूत होते.
माझा भाऊ. सिसाकच्या हँडबॉल संघाचा गोलकीपर,
एकेकाळचा. आता सेहेचाळीसचा, भट्टीवर कामाला.
जुन्या खेळाडूंच्या सामन्यात उडी मारली
आणि चिडून मागे वळला, कुणी लाथ घातली?
मागे कुणीच नव्हतं.

"तिहाना, एक बाटली. एकच.
उंदरांना काय कळणार आहे?"
नाही म्हटलं.
सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, असला हा.
ह्याचा तर सुंभच तुटला होता.
त्यानं टपालानं मागवली.

शनिवारी गेले.
टेबलावर करंगळीएवढी काचेची बाटली,
तळाशी चिमूटभर पांढरं, साखर म्हणावं तर साखर.
लेबलवर: फक्त संशोधनासाठी. मानवी वापरासाठी नाही.
"मग बरोबर आहे," तो म्हणाला,
"गोलकीपरला कुणी माणसात धरतं?"
आई हसली नाही. तिनं श्त्रुक्लीचं ताट
बाटलीपासून लांब सरकवलं.

म्हणाला, रोज टोचतेस ना, मला टोच.
मी बाटली उजेडात धरली.
आत काय, किती, कुणी भरलं, कुठल्या मोरीशेजारी,
वहीत लिहिण्याजोगं एक अक्षर तिच्यावर नव्हतं.
मग बाटली ठेवून त्याची टाच हातात घेतली.
ह्याच टाचेनं लहानपणी मला कूपा नदीत ढकललं होतं.
शिवलेल्या जागी बोट फिरवलं:
गाठ, गरम,
कशीबशी, घाईत विणलेली,
पण विणलेली.

बाटली फ्रिजच्या दारात गेली,
किसलेल्या तिखट मुळ्याच्या बरणीशेजारी.
पुढच्या शनिवारी बघू.
त्याच्या पलंगापासून फ्रिज सतरा पावलं.
रोज जाऊन बघतो म्हणे, आहे ना.
आधी दोन कुबड्या, मग एक, मग भिंत धरून.
चार शनिवार झाले. विषय कुणी काढत नाही.

काल लखोटा उघडला.
बेचाळीस नंबरला पाणी होतं.
"एका उंदरावरून काही सिद्ध होत नाही,
बाकीच्यांत औषधवाले पुढे आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
आणि जरा थांबून, "असावेत."
खरंच आहे. नाही होत सिद्ध.

मी वही मिटली, परत उघडली,
मागच्या पानावर, जिथं किराणा लिहिते, तिथं लिहिलं:
झ्वोन्को. एकेचाळिसावा दिवस.
तळवा टेकतो. टाच अजून जपून.
फ्रिजपर्यंत जातो, आणि दार उघडंच ठेवतो.