सीमाशुल्कापुरती किंमत

द्रोणागिरीचं गोदाम, शेड नंबर सहा.
तीनशे अठरा खोकी,
तळोज्याहून रात्रीच्या दोन ट्रकमधून आलेली.
लहान मुलांचं सिरप, मीठ-साखरेची पाकिटं, तापाच्या गोळ्या.
प्रत्येकावर निळ्या शाईचा ठसा:
भारताच्या जनतेकडून भेट. विक्रीसाठी नाही.

जनता म्हणजे मीसुद्धा, असं धरून चाललो.
पगारातून कापून जातं त्याचा हिशेब
जेवणाच्या सुट्टीत वजनकाट्याच्या पावतीमागे मांडला.
माझ्या वाट्याला येतं
बाटलीच्या एका झाकणाएवढं औषध.
तेही काठोकाठ नाही.
तरी दुपारभर मी जरा ताठ बसलो.

फॉर्म मात्र भेट ओळखत नाही.
किंमत शून्य लिहिली की रकाना लाल होतो.
म्हणून एक आकडा टाकायचा, खाली टीप द्यायची:
ही किंमत फक्त सीमाशुल्कापुरती.
खरेदीदार कोण, हे रिकामं ठेवता येत नाही.
देश? यादी उघडली, बाणाने खाली खाली गेलो,
सापडला. दोन अक्षरांचा संकेत आहे त्याला.
बंदराच्या जागी शेजाऱ्याचं बंदर लिहावं लागलं,
त्यापुढे ट्रक, त्यापुढे फाटक,
फाटकापुढे फॉर्मला रकाना नाही.

फशीबाय घरत खोकी मोजते,
खडूने, पाचापाचाच्या रेघांनी.
"कंचे गावाला चाललाय यो माल?"
सांगितलं. गाव सुटून पंचाहत्तर वर्षं होऊन गेली,
छावणीत जन्मलेल्यांची नातवंडं आता छावणीत.
"मंग छावनीच गाव झाला की त्यांचा."
नाही, म्हटलं. विचारलंस तर ती पोरंसुद्धा
पणज्याच्याच गावाचं नाव सांगतात.
तिचा खडू रेघेच्या मध्यावर थांबला.

तिचं गाव त्या क्रेनांखाली आहे.
हिरवे कंटेनर पाच-पाच रचलेत तिथे
मिठागराच्या कडेला गोड्या पाण्याची विहीर होती,
पोहऱ्यात कधी कधी निवटी यायची.
रेशनकार्डावर आता सेक्टर आहे,
लग्नपत्रिकेवर अजून गाव छापतात.

मी काहीतरी म्हणणार होतो,
इकडचं तिकडे जोडणारं.
तिनेच तोडलं:
"तसा नको बोलू. आमाला नोटीस आली,
पैसं आलं, थोरं का व्हयना.
वरशी कुनी आग नाय टाकली."

त्याच जहाजावर
दुसऱ्या कुणासाठी दुसरं काय चाललंय, मला ठाऊक नाही.
मोहोरबंद असतं सगळं.
माझ्या टेबलावर फक्त सिरप आलं.
हे मी स्वतःला दोनदा सांगितलं,
म्हणजे पहिल्यांदा पुरलं नसावं.

दिवेलागणीला दोनशे एकवं खोकं फुटलेलं निघालं.
गुलाबी चिकटा, केळ्याचा वास, मुंग्या आधीच हजर.
दोन बाटल्या गेल्या. बाकीच्या
फशीबायने ओल्या फडक्याने पुसून काढल्या,
एक ट्यूबलाइटखाली धरली:
चमच्याच्या चित्राखाली काय लिवलंय?

मी वाचलं. दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर.

"कंच्या जेवनानंतर?"

मी स्क्रीनकडे पाहिलं.
तिने बाटल्या परत लावल्या, बाण वर करून,
रिकाम्या दोन जागांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले,
चिकटपट्टी दातांनी तोडली.

फॉर्मच्या तळाशी शेरा नावाचा रकाना आहे.
तो मात्र रिकामा सोडता येतो.