अडीचच्या खाली

बेतूलचा कायतान बॅटरी घेऊन आला गोणपाटात,
आजारी कोंबडी आणावी तशी, छातीशी.
बंदीचे दोन महिने होडी शेडात, स्कूटरही शेडात.
“चालवलीच नाही रे, मग संपली कशी?”

संपते. हँडलवरचं चिमुकलं घड्याळ
पीत राहतं थेंब थेंब, कोणी बघत नसताना.

मीटर लावला. एक पूर्णांक एक.
पुढच्या सेलला शून्य पूर्णांक आठ.
अडीचच्या खाली मी हात लावत नाही.

“थोडा करंट दे, उठेल.”
उठेल. तेच तर भय.
उपाशीपोटी आतला तांब्याचा पत्रा विरघळलाय,
करंट दिला की तांबं परत बसेल,
आपल्या जागी नाही,
सुईसारखं वाढत पापुद्र्यापलीकडे जाईल
आणि एका रात्री
(कोणत्या, ते मीटर सांगत नाही)

एकदा उठवली होती मी. कुडचड्याच्या पोदेराच्या सायकलची.
दोन दिवस नीट चालली. पैसेही घेतले.
तिसऱ्या पहाटे पावाच्या आधी
जळक्या प्लास्टिकचा वास गेला वाड्यावर.
माणसं वाचली.
त्या रस्त्याने मी जात नाही अजून.

हे कायतानला सांगत नाही.
सांगतो, टोकांना टेप लावू, रेतीच्या बालदीत ठेवू,
नवी सोळा हजारांना.
तो बोटांवर बांगड्यांच्या टोपल्या मोजतो.

“म्हणजे मेली?”
मेली असती तर बरं होतं, कायतान.

जाताना त्याने गोणपाट तेवढं
झटकून, घडी करून नेलं.