मालक आहेत का?

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, गाळा एकोणीस.
अर्ध्या शटरखालून वाकून
टेम्पोवाला विचारतो, मालक आहेत का?
माझ्या हातात खळीचं घमेलं,
कोपरापर्यंत पांढरं.
मी म्हणते, बोला.
तो माझ्या खांद्यावरून मागे बघतो.
मागे फक्त पुठ्ठ्याच्या थप्प्या.

आमच्या भाषेत मालक म्हणजे नवरा,
शेठाणी म्हणजे शेठची बायको.
जिचं कर्ज, जिची सही,
जिला रात्री अडीचला आठवतं
की भिवंडीच्या पार्टीचे पासष्ट हजार अजून आले नाहीत,
तिच्यासाठी शब्द करायचा राहूनच गेलाय.

माझे मालक घोडबंदरला एका शाळेत गणित शिकवतात.
पहिल्या वर्षीचा ताळेबंद बघून म्हणाले,
हे तर उणे आहे.
मी म्हटलं, माहीत आहे.
मग आम्ही जेवायला बसलो.

आई किसननगरात रद्दीच्या पिशव्या करायची,
शंभराला सव्वा रुपया.
दुपारची झाकपाक झाली की मैद्याची खळ शिजवायची,
झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालून.
चार वाण्यांकडे तिचा माल जायचा.
कोण उधारी बुडवतो, कोणाला आधी द्यायचं,
कोणाकडे खसखस खपते म्हणून पिशवी लहान हवी,
सगळं डोक्यात, कागदावर काही नाही.
कोणी विचारलंच तर म्हणायची,
बसल्या बसल्या वेळ जातो.
वीस वर्षं तिचा वेळ गेला.
माझ्या बी.कॉम.ची फी
त्या गेलेल्या वेळातून भरली होती.

बँकेत तीन खेपा झाल्या.
साहेब म्हणायचे, सह-कर्जदार कोण? मिस्टर येतील का?
चौथ्या खेपेला मी एक खोकं घेऊन गेले,
पाच पदरी, केबिनमध्ये ठेवलं
आणि चप्पल काढून त्यावर उभी राहिले.
वजन अडुसष्ट, साहेब. दबलंय का बघा.
शिपाई हसला. साहेब हसले नाहीत.
बारा मागितले होते, आठ मिळाले.

खोक्याच्या बुडाला करणाऱ्याचं नाव असतं.
कोणी वाचत नाही. आंबे निघाले,
औषधं निघाली, खोकं उलटं पडलं,
तरच दिसतं.
ब्लॉकवाला मांजरेकर म्हणाला,
विद्युल्लता फार लांब पडतंय, त्यात जोडाक्षरं,
शाई भरेल. व्ही. खोपकर करून टाकू?
व्ही. खोपकर मला डोळ्यांसमोर दिसला,
मिशी, सफारी, बोटात पुष्कराज.
म्हटलं, ब्लॉक मोठा करा.
साडेचारशे जास्त घेतले त्याने.
आणि शाई अजूनही 'द्यु'मध्ये भरतेच.

पगाराच्या यादीत दोन वर्षं माझं नाव नव्हतं.
मग घातलं, शेवटी, रामसुमेरच्या खाली,
आकडाही त्याच्याहून कमी.
यंदा मार्चमध्ये त्याच्याइतका केला
आणि मुद्दाम एक दिवस उशिरा घेतला,
कोणी बघत असल्यासारखा.
नणंद म्हणते, आता पुरे की गं,
चाललंय ना छान?
चाललंय. म्हणूनच.

तर टेम्पोवाला अजून उभाच.
चिकटवणीच्या टेबलावरून
शकिला मान वर न करता म्हणते,
कधीच्या समोर उभ्या आहेत.
तो चलन पुढे करतो.
थांब, म्हणते, हात पुसू दे.

शुक्रवारी इस्टेटमध्ये वीज नसते.
रस्ता इतका शांत की येऊरकडचे पक्षी ऐकू येतात.
मी किल्ल्या घेऊन उगाचच येते
आणि वीस नंबरच्या बंद शटरपुढे
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालते.
अठरा पावलं.
मशीन बसेल.
टेम्पो वळवायला जरा अडचण होईल,
पण तो नाला बुजवतायत म्हणे दिवाळीनंतर.